अँड, बट आणि स्वल्पविराम: आधी द्यायचा, नंतर की दोन्हीकडे?

सुरसागरकाठची

नमस्कार मंडळी. बडोद्याजवळच्या एका औषध कारखान्यात मी इंग्रजी सूचनापत्रकं लिहिते. यंत्र कोणत्या क्रमाने चालू करायचं, काय तपासायचं, बिघाड झाला तर कोणाला बोलवायचं, हे सगळं या पत्रकांत, म्हणजे एसओपीत असतं आणि शॉप फ्लोअरवरचा माणूस त्याबरहुकूम काम करतो. अकरा वर्षं झाली या कामाला. स्वल्पविरामावर धागा काढायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मागच्या महिन्यात एका परदेशी ग्राहकाचं ऑडिट झालं. ऑडिटरने एका वाक्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "तुमच्याकडे एकही ऑपरेटर प्रशिक्षित नाही का? मग रिॲक्टर उघडतं कोण?" रिॲक्टर म्हणजे आमच्याकडचं रासायनिक प्रक्रियेचं बंद पात्र. वाक्य असं होतं:

"ऑपरेटर्स, हू हॅव नॉट कम्प्लीटेड ट्रेनिंग, मस्ट नॉट ओपन द रिॲक्टर."

त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस उगाच खुसपट काढतोय. रात्री घरी वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा उमगलं. दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बाजूला उचलला की उरतं, "ऑपरेटर्स मस्ट नॉट ओपन द रिॲक्टर", म्हणजे कोणीच उघडायचा नाही. आणि उचललेला तुकडा सगळ्याच ऑपरेटरांबद्दल सांगतो की त्यांचं प्रशिक्षण झालेलं नाही. मला म्हणायचं होतं, ज्यांचं प्रशिक्षण झालेलं नाही त्यांनी उघडू नये. दोन्ही स्वल्पविराम काढले की वाक्य नेमकं तेच म्हणतं. ते वाक्य मीच लिहिलेलं होतं. ऑडिटच्या अहवालात त्याची नोंद झाली आणि माझ्या हातची सगळी पत्रकं तपासायचं काम माझ्याकडे आलं.

तपासताना दिसलं की माझ्या चुका एकाच घरातल्या आहेत. "ही सेड दॅट, द पंप वॉज ऑफ." "बट, द व्हॉल्व्ह वॉज ओपन." "अँड, द बॅच वॉज होल्ड केप्ट." जोडणारा शब्द आला की त्याच्यानंतर मी स्वल्पविराम ठेवून देते. कारण बोलताना मी तिथेच थांबते. "तो म्हणाला की, पंप बंद होता." खाली फ्लोअरवर गुजरातीतही तसंच चालतं, "एणे कह्युं के," आणि मग क्षणभर थांबून पुढचं. हे थांबणंच माझ्या इंग्रजीत उतरलंय असं मला वाटतं.

आता खरा प्रश्न. जोडशब्द आणि मध्ये घातलेलं उपवाक्य शेजारी शेजारी आलं की माझी गाडी अडते. खालच्या चारपैकी बरोबर कोणतं?

"स्टॉप द पंप अँड, इफ द प्रेशर डझ नॉट फॉल, कॉल द शिफ्ट इनचार्ज."

"स्टॉप द पंप, अँड इफ द प्रेशर डझ नॉट फॉल, कॉल द शिफ्ट इनचार्ज."

"स्टॉप द पंप, अँड, इफ द प्रेशर डझ नॉट फॉल, कॉल द शिफ्ट इनचार्ज."

"स्टॉप द पंप अँड, इफ द प्रेशर डझ नॉट फॉल कॉल द शिफ्ट इनचार्ज."

कारखान्यातल्या तिघांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली. इथे कोणी इंग्रजी शिकवणारं असेल तर सविस्तर सांगा, मी वही घेऊन बसले आहे.

शिकवणीवाली

तुझा धागा वाचून राहवलं नाही. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता कारेलीबागेत घरी मुलं येतात. शिकले बडोदा कॉलेजच्या त्या घुमटाच्या इमारतीत. श्रीअरविंदांनी त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे तिथे चुकीचं इंग्रजी लिहायची आम्हाला भीतीच वाटायची.

चौथं वाक्य चूक आहे. पहिली तिन्ही चालतात, पण तिन्हींची घडण वेगळी आहे आणि ती कळली की पुढे कोणाला विचारावं लागणार नाही.

मध्ये घातलेल्या मजकुराचे स्वल्पविराम कंसासारखे असतात. एक उघडला की दुसरा मिटायचाच. तुझ्या चौथ्या वाक्यात "अँड" नंतर कंस उघडला आणि "फॉल" नंतर मिटलाच नाही. वाचणारा "फॉल कॉल" असं एका दमात वाचून जातो. मुलांना मी सांगते, मधला तुकडा बोटाने झाका. "स्टॉप द पंप अँड कॉल द शिफ्ट इनचार्ज." उरलेलं वाक्य धडधाकट उभं राहिलं, तर झाकलेल्या तुकड्याच्या दोन्ही अंगांना स्वल्पविराम बसतो. म्हणजे पहिल्या वाक्यातला "अँड" नंतरचा स्वल्पविराम "अँड"चा नाहीच. तो "इफ"च्या तुकड्याचा डावा कंस आहे. एवढं लक्षात आलं की अर्धं काम झालं, कारण "अँड नंतर कधीच स्वल्पविराम नसतो" असं शिकवणारे शिक्षक आणि "अँड नंतर थांबतो म्हणून द्यायचा" म्हणणारे विद्यार्थी, दोघेही इथे चुकतात.

दुसऱ्या वाक्याची घडण निराळी आहे. तिथे "स्टॉप द पंप" हे एक पूर्ण वाक्य, "अँड"च्या आधीचा स्वल्पविराम दोन पूर्ण वाक्यांच्या सांध्यावरचा, आणि "अँड"नंतर नवं वाक्य सुरू होतं. त्या नव्या वाक्याच्या डोक्यावर "इफ"चा तुकडा बसलाय, मध्ये घुसलेला नाही. डोक्यावर बसलेल्या उपवाक्याला डाव्या बाजूला स्वल्पविराम लागत नाही, फक्त ते संपलं की लागतो. "इफ इट रेन्स, वी विल स्टे" या वाक्यात "इफ"च्या आधी आपण काही देत नाही, तसंच.

तिसऱ्यात सांध्याचाही दिला आणि कंसाची जोडीही दिली. व्याकरणाने शुद्ध, पण तीन शब्दांत दोन खुंट्या ठोकल्यासारखं होतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत असं भरपूर सापडेल. शिकागो विद्यापीठाची १९०६ पासून निघणारी शैलीपुस्तिका अशा जागी जोडशब्दानंतरचा स्वल्पविराम गाळायचा सल्ला देते, आणि मला तो पटतो.

मग पहिलं वापरायचं की दुसरं? कर्ता बघ. "द ऑपरेटर स्टॉप्स द पंप अँड, इफ द प्रेशर डझ नॉट फॉल, कॉल्स द शिफ्ट इनचार्ज." इथे कर्ता एकच आहे, थांबवणारा आणि बोलावणारा तोच. "अँड"च्या आधी सांधा नाही, म्हणून आधी स्वल्पविराम नाही; "इफ"चा तुकडा "अँड" आणि क्रियापद यांच्या मध्ये घुसलाय, म्हणून जोडी. आता हे बघ: "द ऑपरेटर स्टॉप्स द पंप, बट इफ द प्रेशर डझ नॉट फॉल, द शिफ्ट इनचार्ज टेक्स ओव्हर." जोडशब्दानंतर नवा कर्ता आला, नवं वाक्य आलं, म्हणून स्वल्पविराम "बट"च्या आधी. तुझं वाक्य आज्ञार्थी आहे, त्यात "यू" हा कर्ता लपलेला असतो, म्हणून ते दोन्ही साच्यांत बसतं. एका पत्रकात एकच साचा ठेव, म्हणजे झालं.

आणि "बट, द व्हॉल्व्ह वॉज ओपन" मधला स्वल्पविराम काढ. त्याच्यापुढे उघडलेला कंसही नाही आणि सांधाही नाही. "दॅट" नंतरचाही काढ. "बॅच"चं ते वाक्य मात्र स्वल्पविराम काढूनही सुधारणार नाही. "द बॅच वॉज केप्ट ऑन होल्ड" असं लिही.

मांडवीकर

बाई, एक शंका. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की स्वल्पविरामाला एक मोजायचं, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला तीन. वाचताना थांबण्यासाठीच तर ही चिन्हं आहेत ना? मग थांबतो तिथे दिला तर चूक कशी?

शिकवणीवाली

शंका रास्त आहे, कारण या चिन्हांचा जन्म खरोखरच मोठ्याने वाचण्यासाठी झाला. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकात बायझँटियमचा ॲरिस्टोफेनिस ग्रीक मजकुरात वेगवेगळ्या उंचीवर टिंबं देई, ती वाचणाऱ्याने कुठे किती थांबायचं ते सांगण्यासाठी. कॉमा या ग्रीक शब्दाचा अर्थच कापलेला तुकडा. पुढे पंधराव्या शतकाच्या शेवटी व्हेनिसच्या आल्डस मॅन्युटियसच्या छापखान्यात आजच्या वळणाचा स्वल्पविराम आणि अर्धविराम स्थिरावले. अठराव्या शतकापर्यंत इंग्रजी लेखक श्वासाप्रमाणे स्वल्पविराम देत. अमेरिकेच्या संविधानातली १७९१ ची दुसरी दुरुस्ती बघ. शेवट असा आहे: "द राइट ऑफ द पीपल टू कीप अँड बेअर आर्म्स, शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड." कर्ता लांबला म्हणून क्रियापदाच्या आधी दम घेतलाय. आज एखाद्या मुलाने कर्ता आणि क्रियापद यांच्यात असा एकटा स्वल्पविराम दिला तर मी तांबडी रेघ मारीन. त्या दुरुस्तीतल्या स्वल्पविरामांनी काय तोडलं आणि काय जोडलं, यावर अमेरिकन न्यायालयांत अजून वाद झडतात.

नंतर वाचन मुकं झालं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला श्वास नको असतो, त्याला वाक्याची घडण कळायला हवी असते. म्हणून इंग्रजीने स्वल्पविराम श्वासाकडून काढून व्याकरणाच्या ताब्यात दिला. स्वल्पविराम असेल तिथे वाचताना थांबावंसंही वाटतं, पण प्रत्येक थांब्याला स्वल्पविराम मिळत नाही.

तुझ्या शाळेतलं एक-दोन-तीन मोठ्याने वाचायला शिकवण्यासाठी चांगलं आहे. लिहिण्यासाठी ते पुरत नाही.

न्यायमंदिर

सुरसागरकाठची ताई, तुमच्या ऑडिटरने केलं ते आमच्या वकिलीच्या धंद्यात रोज चालतं. तुम्ही औषधांच्या क्षेत्रात आहात म्हणून एक निकाल मुद्दाम सांगतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ मध्ये या निकालाच्या वेळी गुन्ह्यांची यादी अशी होती: "मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स." प्रश्न असा आला की नुसती औषधं बाळगली, तर तो गुन्हा का? महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेलं हे प्रकरण १९७९ च्या निकालसंग्रहात आहे. न्यायालयाने पाहिलं की "फॉर सेल" नंतर स्वल्पविराम आहे, "सेल्स" नंतर आहे, पण "स्टॉक्स" नंतर नाही. म्हणजे "स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स" हे एक जोडपं, आणि पुढचं "फॉर सेल" दोघांनाही लागू. विक्रीसाठी साठा केला तर गुन्हा. नुसता जवळ असणं या शब्दांत बसत नाही. "स्टॉक्स"च्या पुढे एक स्वल्पविराम असता तर त्या माणसाच्या बाजूचा हा मुद्दाच उरला नसता.

दुसरा निकाल १९८८ चा, घरभाड्याचा. जुन्या सी. पी. अँड बेरार आदेशात, म्हणजे नागपूरकडे, भाडेकरूला काढण्याचं एक कारण असं लिहिलेलं होतं की त्याने दुसरी जागा मिळवली आहे, स्वल्पविराम, किंवा तो सलग चार महिने तो भाग सोडून गेला आहे आणि त्याला घराची वाजवी गरज नाही. भाडेकरूचं म्हणणं, गरज नसल्याची अट दोन्हींना लागते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पहिल्या तुकड्यानंतर स्वल्पविराम आणि मग "ऑर" आहे, तो तुकडा तिथे तुटला. शेवटची अट फक्त दुसऱ्याला. जोडशब्दाच्या आधीचा एक स्वल्पविराम, बाई म्हणतात तसा सांध्यावरचा, आणि त्यावर घर राहणार की जाणार हे ठरलं.

पण एवढ्यावरून कोणी स्वल्पविरामावर सगळा भरवसा टाकू नये. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अश्विनीकुमार घोष प्रकरणात न्या. बी. के. मुखर्जी यांनी हेही म्हटलं आहे की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह हा शेवटी किरकोळ घटक. त्याच्याच जोडीला त्यांनी सांगितलं की मजकूर काळजीपूर्वक विरामचिन्हं देऊन लिहिलेला असेल, तर त्यांना वजन द्यायला हरकत नाही. माझ्या अशिलांना मी सांगतो, स्वल्पविराम अचूक द्या आणि तो उडाला तरी अर्थ टिकेल असं वाक्य लिहा. करारनामा चार वेळा टाइप होतो, झेरॉक्स होतो, कुठल्या तरी प्रतीत ते टिंबाएवढं चिन्ह पुसट होतंच.

दूधवाला डेटा

वकीलसाहेब, अमेरिकेतला दूधवाहकांचा खटलाही असाच ना? मेन राज्यात ओव्हरटाइम कोणत्या कामांना मिळणार नाही याची यादी होती, तिच्या शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन" असे शब्द. "शिपमेंट" नंतर स्वल्पविराम नव्हता.

न्यायमंदिर

तोच. ट्रक चालवणारे माल पॅक करत नव्हते, नुसता पोचवत होते. त्यांचं म्हणणं असं की यादीतलं शेवटचं काम पॅकिंग आहे, मग ते शिपमेंटसाठी असो की डिस्ट्रिब्यूशनसाठी. नुसतं पोचवणं यादीत नाही, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवला आणि चालकांच्या बाजूने अर्थ लावला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. अपिलाच्या त्या निकालानंतर तिथल्या विधिमंडळाने ती यादी अर्धविराम घालून पुन्हा लिहिली.

"ऑर"च्या आधीच्या या शेवटच्या स्वल्पविरामाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. वर्तमानपत्रं बहुधा तो गाळतात, ऑक्सफर्डचं मुद्रणालय ठेवतं. कायदेशीर आणि तांत्रिक मजकुरात मी कायम ठेवतो. ताई, तुमच्या याद्यांतही ठेवा.

मोडीवाचक

उशिरा आलो. मी इथे बडोद्यात जुने मोडी कागद वाचतो, गायकवाडी दप्तरातले आणि घराघरांतल्या पेट्यांमधले. या चर्चेत मला आपल्या बाजूची एक गोष्ट सांगावीशी वाटते.

मोडीत स्वल्पविराम नव्हताच. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकवत शब्द लिहीत जायचे, शब्दांमध्ये जागासुद्धा न सोडता. तरीही पत्र वाचताना अर्थ सहसा चुकत नाही, कारण सांधे शब्दांतच असतात. "विनंती ऐसीजे" आलं की पुढे मुख्य मजकूर सुरू. "तरी" आलं की आता काय करायचं ते सांगणार. "येणेप्रमाणे" आलं की यादी संपली. "हे विनंती" आलं की पत्र मिटलं. मधली वाक्यं येऊन, जाऊन, करून, देऊन अशी एकमेकांना बांधलेली. बाईंनी म्हटलं तो उघडणारा आणि मिटणारा कंस आमच्याकडे शब्दाचाच होता. पुढे छापखाने आले, इंग्रजी वळणाची व्याकरणं आली आणि एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्यासारख्यांनी विरामचिन्हं मराठीत रुजवली. म्हणजे आपल्या भाषेच्या वयाच्या मानाने स्वल्पविराम हा कालचा पाहुणा आहे, आणि त्याच्यावाचून चालवायची आपल्याला जुनी सवय आहे.

सुरसागरकाठची यांचं मूळ वाक्य मराठीत सांगून बघा. "ज्या ऑपरेटरांचं प्रशिक्षण झालेलं नाही, त्यांनी रिॲक्टर उघडू नये." इथला स्वल्पविराम खोडून टाका, अर्थ तसूभर हलत नाही, कारण "ज्या" आणि "त्यांनी" ही जोडी तो धरून ठेवते. इंग्रजीत "हू" एकटा आहे. त्याला जोडीदार नाही. तो कोणत्या अर्थाने आला हे सांगायला स्वल्पविराम असणं किंवा नसणं एवढंच हाताशी उरतं. म्हणून आपण तिथे ढिलाई करतो असं मला वाटतं. आपल्या भाषेत त्या चिन्हावर अर्थाचा भार कधी पडलेलाच नाही.

बारावीची आई

मोडीवाचक, हे फार नेमकं सांगितलंत. माझ्या मुलीला काल याच प्रकारचा प्रश्न होता, "ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज अँग्री." त्याने राजीनामा दिला की नाही? तिला दोन्ही उत्तरं बरोबर वाटत होती, मलाही.

शिकवणीवाली

मुलगी हुशार आहे. स्वल्पविराम नसेल तर "नॉट" पुढे "बिकॉज"पर्यंत पोचू शकतो: त्याने राजीनामा दिला, पण रागापोटी नव्हे, कारण वेगळं होतं. "रिझाइन" नंतर स्वल्पविराम दिला की "नॉट" तिथेच अडवला जातो: त्याने राजीनामा दिला नाही, आणि न देण्याचं कारण राग. "बिकॉज"च्या आधी एरवी स्वल्पविराम देत नाहीत, पण आधीच्या वाक्यात नकार असेल तर थांबून विचार करायचा.

मोडीवाचकांच्या मुद्द्याला मात्र इथे एक पुरवणी जोडते. "तो रागावला म्हणून त्याने राजीनामा दिला नाही" हे मराठी वाक्यही तितकंच दुहेरी आहे. आपण ते कसं सोडवतो? "रागावला म्हणून राजीनामा दिला, असं नाही." शब्द हलवून. स्वल्पविराम देऊन मराठी माणूस ते सोडवायला जाणार नाही. मुलीला सांगा, परीक्षेत शंका आली तर इंग्रजीतही वाक्य फिरवून लिही.

मांडवीकर

बाई, माझा समज बदलला. आता "हाउएव्हर"चं सांगा. मी नेहमी लिहितो, "द पंप वॉज ऑफ, हाउएव्हर, द व्हॉल्व्ह वॉज ओपन."

शिकवणीवाली

"हाउएव्हर" हा "बट"चा भाऊ वाटतो, पण वाक्यं जोडायची ताकद त्याच्यात नाही. तुझ्या वाक्यात तो दोन स्वल्पविरामांच्या कंसात लटकलाय. झाकून बघ, उरतं "द पंप वॉज ऑफ द व्हॉल्व्ह वॉज ओपन", आणि ते उभं राहत नाही. "हाउएव्हर" मागच्या वाक्याचा की पुढच्या, हेही कळत नाही. "ऑफ" नंतर अर्धविराम किंवा पूर्णविराम दे, मग "हाउएव्हर", मग स्वल्पविराम. "देअरफोर", "मोरओव्हर" यांनाही हेच. मराठीत "मात्र" आणि "तथापि" वाक्यं सहज जोडतात, त्यामुळे आपला हात तिथे वळतो.

सुरसागरकाठची

बाई, वकीलसाहेब, मोडीवाचक, सगळ्यांची मी ऋणी आहे. चार दिवस या धाग्याची छापील प्रत टेबलावर ठेवून काम केलं. काय केलं ते सांगते.

आमच्या प्रत्येक पत्रकाची गुजराती प्रत रिॲक्टरशेजारी लावलेली असते, कारण रात्रपाळीचे बरेच जण इंग्रजी वाचत नाहीत. मोडीवाचकांचं वाचल्यावर मी कपाटातून त्या प्रती काढल्या. माझ्या चुकलेल्या वाक्याची गुजराती होती, "जे ऑपरेटरे तालीम पूरी न करी होय तेणे रिॲक्टर खोलवुं नहीं." अगदी बरोबर. भाषांतर करणाऱ्या भाईंना मला काय म्हणायचंय ते कळलं होतं, त्यांनी माझे स्वल्पविराम बाजूला ठेवून "जे" आणि "तेणे" घातले. फ्लोअरवर एकही माणूस चुकीचं वागला नाही ते त्यांच्यामुळे. मी त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बेन, बीजुं शुं होय?" दुसरं काय असणार. त्यांना त्या वाक्यात शंका दिसलीच नव्हती.

तेव्हापासून उलट वाटेने काम करतेय. आधी वाक्य मराठीत मांडते. त्यात "जो-तो" आला तर इंग्रजीत "हू"च्या भोवती स्वल्पविराम नाही. "जो-तो" बसत नसेल, "आणि हो, ते अमुकही आहेत" अशी नुसती जादा माहिती असेल, तर दोन्हीकडे स्वल्पविराम. अजून एकदाही हा ताळा चुकलेला नाही. "द रिॲक्टर, विच इज ग्लास-लाइन्ड, मस्ट बी..." आमच्याकडे या विभागात रिॲक्टर एकच आहे, तर "जो रिॲक्टर काचेच्या अस्तराचा आहे तो" म्हणायची गरजच नाही, स्वल्पविरामांची जोडी बरोबर. पलीकडच्या विभागात दोन आहेत, एक काचेच्या अस्तराचा आणि एक स्टीलचा. तिथे हेच वाक्य स्वल्पविरामांशिवाय आणि "दॅट" घालून लिहिलं. एकाच कारखान्यात, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे.

एक शंका उरली आहे. "दॅट" नंतर स्वल्पविराम कधीच नाही का? एक वाक्य असं आहे: "एन्शुअर दॅट, बिफोर द हॅच इज ओपन्ड, द नायट्रोजन लाइन इज क्लोज्ड."

शिकवणीवाली

ते ठेव. झाकून बघितलंस ना? "एन्शुअर दॅट द नायट्रोजन लाइन इज क्लोज्ड." उभं राहिलं. तो स्वल्पविराम "दॅट"चा नाही, "बिफोर"च्या तुकड्याचा डावा कंस आहे, आणि उजवा "ओपन्ड" नंतर आहे. अशा जागी पहिला गाळणारेही आहेत, आणि "बट इफ" सारखंच ते चालतंही. पण दुसरा कधी गाळू नकोस.

न्यायमंदिर

माझं मत विचाराल तर जिथे जिवाला धोका आहे तिथे मधलं उपवाक्यच नको. "क्लोज द नायट्रोजन लाइन." पूर्णविराम. "देन ओपन द हॅच." पूर्णविराम. क्रम क्रमाने लिहिला की कंस उघडायला नको आणि मिटायला नको.

मोडीवाचक

वकीलसाहेबांशी सहमत. आणि गुजराती प्रतीत त्या भाईंना "पहेलां" आणि "पछी" लिहू द्या, ते बरोबर लिहितील. सयाजीरावांच्या काळात, १९३१ मध्ये, राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश इथेच बडोद्यात झाला, त्यात इंग्रजी शब्दाला शेजारी गुजराती, मराठी, फारसी शब्द सापडतो. स्वल्पविरामाला असा प्रतिशब्द नसतो. तो ओलांडताना दर वेळी पूर्ण वाक्यच नव्याने बांधावं लागतं.

सुरसागरकाठची

दोन वाक्यं केली. पहिल्या पत्रकातलं वाक्यही बदललं, आता ते असं आहे: "ओन्ली ट्रेन्ड ऑपरेटर्स मे ओपन द रिॲक्टर." त्यात एकही स्वल्पविराम नाही. पंपाच्या सूचनेत बाईंचा पहिला साचा घेतला आणि जोडी दोन वेळा मोजली. आज सही झाली, सोमवारी सकाळच्या पाळीच्या आधी इंग्रजी आणि गुजराती दोन्ही प्रती रिॲक्टरशेजारी लागतील.